फाईलच्या पोटात काय असतं? : वाचकांचे प्रश्न

दिवाळी अंकांची गडबड सुरू झाली की या सदराकडे येणाऱ्या पत्रांत एकच गाऱ्हाणं फिरून फिरून येतं, अमक्याची फाईल तमक्याकडे उघडली आणि सगळं विस्कटलं. म्हणून या वेळी अख्खं सदर याच विषयाला दिलंय. मी स्वतः नारायण पेठेत बरीच वर्षं अक्षरजुळणी केलीये, त्यामुळे ही पत्रं वाचताना प्रत्येक वेळी वाटतं की अरे हे तर आपल्याही टेबलावर झालंय. प्रश्न थोडे आखूड केलेत, नावं कुणाचीच दिलेली नाहीत.

ताई नमस्कार, आम्ही चौघी मिळून सदाशिव पेठेतून एक छोटा दिवाळी अंक काढतो. लेखक कुणी वर्डमध्ये पाठवतात, कुणी लिबर ऑफिसमध्ये, कुणी अजून जुन्या डॉक फाईलमध्ये. आम्ही सगळं कॉपी करून एका फाईलमध्ये 'नुसता मजकूर' म्हणून पेस्ट करत होतो. गेल्या वर्षी एका लेखाच्या सगळ्या तळटिपा गेल्या, छापून झाल्यावर लक्षात आलं, लेखकासमोर उभं राहायची लाज वाटली. शिवाय अभंगांच्या ओळी सगळ्या डाव्या कडेला येऊन चिकटल्या. यंदा काय करू?

आधी एक प्रयोग करा, पाच मिनिटं लागतील. कुठल्याही लेखाच्या डॉक्स फाईलची, म्हणजे वर्डच्या नव्या प्रकारच्या फाईलची, एक कॉपी काढा आणि तिच्या नावाच्या शेवटचं डॉक्स खोडून तिथे झिप लिहा. आता ती उघडली की आत चक्क फोल्डर दिसतील. त्यातल्या वर्ड नावाच्या फोल्डरमध्ये डॉक्युमेंट डॉट एक्सएमएल ही फाईल असते, तुमचा लेख तो. ती ब्राउझरमध्ये उघडा. मजकुराच्या अलीकडे पलीकडे टोकदार कंसांत खुणा दिसतील, इथे परिच्छेद सुरू झाला, इथे संपला, हा तुकडा ठळक, असं सगळं लिहून ठेवलेलं. अशा खुणा लिहायची जी रीत १९९८ साली प्रमाण म्हणून ठरली तिलाच एक्सएमएल म्हणतात. लिबर ऑफिसची ओडीटी फाईलसुद्धा अशीच झिप आहे, तिच्यात लेख कंटेंट डॉट एक्सएमएलमध्ये असतो. म्हणजे दोन्हीकडे गाठोडं एकाच जातीचं, फक्त आत सामान लावायची पद्धत वेगळी. फाईल कन्व्हर्ट करणं म्हणजे एका घरातलं सामान दुसऱ्या घरात नेऊन लावणं, आणि ज्या डब्यावर नाव नसेल तो डबा कुठे ठेवायचा हे हमालाला कळत नाही.

तुमच्या तळटिपांचंच बघा. डॉक्समध्ये तळटीप मुख्य लेखात नसतेच, ती फूटनोट्स डॉट एक्सएमएल नावाच्या वेगळ्या फाईलमध्ये राहते आणि लेखात त्या जागी फक्त एक क्रमांक असतो की या नंबरची टीप तिकडे बघा. ओडीटीत उलटं आहे, टीप जिथे आली तिथेच वाक्याच्या मधोमध पूर्ण लिहिलेली असते. नीट कन्व्हर्ट करणारा प्रोग्रॅम क्रमांक घेऊन तिकडे जातो, टीप उचलून आणतो आणि बरोबर जागी बसवतो. तुम्ही मात्र 'नुसता मजकूर' म्हणून पेस्ट केलंत तेव्हा हा सगळा धागाच तुटला. म्हणून यंदा कॉपी पेस्ट अजिबात करू नका, प्रत्येक लेख आहे तसा लिबर ऑफिसमध्ये उघडून 'सेव्ह ॲज' करा. आणि लेखकाच्या मूळ फाईलमध्ये किती तळटिपा आहेत ते आधी मोजून कागदावर लिहून ठेवा, कन्व्हर्ट झाल्यावर परत मोजा. हे मी अजूनही करते, आकडा जुळला की जीव भांड्यात पडतो.

अभंगांचं दुखणं वेगळं आहे. लेखकाने ओळ आत सरकवायला स्पेसबार दाबत नेलेला असतो. ओडीटीचा नियम असा की सलग आलेल्या मोकळ्या जागा एकच मानायच्या, खरंच पाच हव्या असतील तर त्यासाठी वेगळी खूण करून पाच असा आकडा लिहायचा. डॉक्समध्येसुद्धा 'मोकळी जागा राखा' अशी सूचना मजकुराच्या खुणेवर लागते, ती नसेल तर कडेच्या जागा गळतात, कधीकधी दोन शब्द एकमेकांना चिकटतात ते यामुळेच. चांगले प्रोग्रॅम हे सांभाळतात, पण घरी कुणी छोटी स्क्रिप्ट लिहून काम केलं असेल तर पहिला मार इथे बसतो. यावर उपाय म्हणजे 'अभंग' नावाची एक परिच्छेदाची स्टाईल करायची, डावीकडून किती आत ते त्या स्टाईलमध्ये सांगायचं, आणि कडव्यातल्या ओळी तोडायला नुसतं एंटर न मारता शिफ्ट धरून एंटर मारायचं. मग अख्खं कडवं एक परिच्छेद राहतं आणि ते कुठेही न्या, फुटत नाही.

आणि मथळे! हे जरा कळकळीने सांगते कारण निम्मा वेळ यातच जातो. लेखक मथळा सिलेक्ट करतो, ठळक करतो, अठरा पॉईंट करतो, आपल्याला तो मथळा दिसतो. फाईलच्या आत मात्र तो साधा परिच्छेदच आहे, जरा मोठ्या अक्षरातला. ओडीटीत मथळ्यासाठी वेगळी खूण आहे, डॉक्समध्ये वेगळी खूण नाही पण परिच्छेदाला 'हेडिंग १' अशी स्टाईल लावली की तो मथळा ठरतो. हाताने मोठं केलेलं अक्षर दोन्हीकडे मुकं असतं. यंदा लेखकांना लेख मागवतानाच एक रिकामी नमुना फाईल पाठवा, तिच्यात मथळा, उपमथळा, मजकूर, उतारा, अभंग एवढ्या पाच स्टाईल करून ठेवा. सगळे वापरणार नाहीत, पण निम्म्यांनी वापरल्या तरी तुमचे आठ दिवस वाचतील.

काकू म्हणू की ताई कळत नाही, माझं वय अठ्ठ्याहत्तर, कोथरूडला असतो. कात्रजच्या तलावातून पुण्यात पाणी आणणाऱ्या पेशवेकालीन नळांवर मी नव्वदच्या दशकात सुमारे तीनशे पानं टाइप करून घेतली होती, मध्ये मध्ये इंग्रजी कागदपत्रांमधले उतारे आहेत. आता त्या डॉक फाईल उघडल्या की मराठीच्या जागी इंग्रजी अक्षरांचा कचरा दिसतो. नात हिंजवडीला आयटीत आहे, ती म्हणते आजोबा मी करून देते पण नेमकं काय करायचं ते विचारून ठेवा.

काका, ताईच म्हणा. आणि आधी काळजी सोडा, तुमचा मजकूर गेलेला नाहीये, एकही अक्षर गेलेलं नाहीये. तो फक्त सोंगात आहे.

झालं असं, त्या काळात संगणकाला देवनागरी अक्षर म्हणून माहीतच नव्हतं. फॉन्ट करणाऱ्यांनी इंग्रजी अक्षरांच्या जागांवर देवनागरी आकार काढून बसवले. उदाहरणार्थ कृतीदेव फॉन्टमध्ये एफ, जी, ए, एन, एच अशी पाच इंग्रजी अक्षरं ओळीने टाइप केली की पडद्यावर 'हिंदी' दिसतं. फाईलमध्ये मात्र ती पाच इंग्रजी अक्षरंच साठवलेली असतात. फॉन्ट आहे तोवर मराठी, फॉन्ट काढला की कचरा. आपल्या पुण्यात तर या कामाचं मोठंच केंद्र होतं, सीडॅक ही सरकारी संगणक संस्था १९८८ मध्ये इथेच सुरू झाली, श्रीलिपी हे मराठी फॉन्टचं सॉफ्टवेअर करणारी कंपनीही इथलीच, आणि १९९१ मध्ये भारतीय लिप्यांसाठी इस्की नावाचं प्रमाणही आलं. पण कागदावर छापायचं तर फॉन्ट लागतो आणि प्रत्येक फॉन्टचा नकाशा, म्हणजे कुठल्या जागेवर कुठलं अक्षर, तो आपापला, एकाचा 'क' दुसऱ्याचा 'क' नाही. युनिकोडमध्ये, म्हणजे जगभरच्या लिप्यांच्या एका सामायिक यादीत, आता देवनागरीला स्वतःच्या १२८ जागा आहेत, तिथे क हा क च असतो, फॉन्ट कुठलाही लावा.

आता नातीसाठी लिहिते, तिला हे वाचून दाखवा.

बाळ, नेटवर मिळणाऱ्या कन्व्हर्टरमध्ये आजोबांचा सगळा मजकूर एकगठ्ठा टाकू नकोस, कारण तो कन्व्हर्टर इंग्रजी उताऱ्यांनाही मराठी समजून बदलेल आणि मग आजोबांचे इंग्रजी उतारे कायमचे चिखलात जातील. नुसता मजकूर बघून 'हे इंग्रजी खरं की सोंगातलं' हे कळायला मार्गच नाही. पण फाईलला कळतं, कारण प्रत्येक तुकड्याला कुठला फॉन्ट लावलाय हे तिच्यात लिहिलेलं असतं. म्हणून आधी लिबर ऑफिसमधून डॉकची डॉक्स कर, मग ती झिप उघडून एक्सएमएलवर काम कर. डॉक्समध्ये परिच्छेदाच्या आत रन असतात, रन म्हणजे एकसारखं दिसणारा सलग तुकडा, आणि रनच्या गुणधर्मांत फॉन्टचं नाव असतं. नियम एवढाच, जुना मराठी फॉन्ट असलेले रन बदलायचे, बाकीच्यांना हात लावायचा नाही.

हे वाचायला सोपं वाटतं, करताना तीन ठिकाणी अडशील. एक म्हणजे प्रत्येक रनवर फॉन्ट लिहिलेला असेलच असं नाही, तो परिच्छेदाच्या स्टाईलमधून आलेला असतो, ती स्टाईल दुसऱ्या स्टाईलवर बेतलेली असते, आणि अगदी शेवटी फाईलच्या मूळ सेटिंगमध्ये सापडतो. तेव्हा स्टाईल्स डॉट एक्सएमएलमध्ये ही साखळी वरपर्यंत चढून बघावी लागते. दुसरं, वर्ड एकाच शब्दाचे तुकडे वेगवेगळ्या रनमध्ये ठेवतो. एका दिवशी टाइप केलं, दुसऱ्या दिवशी मधलं एक अक्षर सुधारलं, की तिथे रन तुटतो, स्पेलिंग तपासणीच्या खुणांनीही तुटतो. इंग्रजीत याने फारसं बिघडत नाही. जुन्या मराठी फॉन्टमध्ये मात्र पहिली वेलांटी व्यंजनाच्या आधी टाइप केलेली असते, जशी हाताने लिहितो तशी, आणि युनिकोडमध्ये ती व्यंजनाच्या नंतर जाते. वेलांटी एका रनमध्ये राहिली आणि तिचं व्यंजन पुढच्या रनमध्ये, तर अदलाबदल करणार कशी? म्हणून आधी शेजारशेजारचे सारखे रन जोडून एक करायचे आणि मगच अक्षरं बदलायची. हा क्रम चुकला की 'कि' चं 'ि' एकटंच एका ठिपक्यांच्या गोलावर लटकलेलं दिसतं, ते दिसलं की समजायचं की रन जोडले नव्हते.

रफाराचंही तसंच, फक्त उलट्या दिशेने. 'धर्म' मध्ये जुन्या फॉन्टात ध, म आणि मग वर रफार, युनिकोडमध्ये ध, र, हलन्त, म. आणि मात्रा असेल तर रफार मात्रेच्याही पलीकडे टाइप केलेला असतो, तो उचलून अख्ख्या अक्षराच्या आधी न्यावा लागतो.

तिसरी अडचण खास मराठीची, आणि हिंदीसाठी केलेले कन्व्हर्टर इथे हमखास चुकतात. आपला जो आडवा अर्धा र असतो, दुसऱ्या, वाऱ्यावर, दऱ्या यातला, तो हिंदीत लागत नाही म्हणून नकाशात नसतो, मग त्याचा रफार होतो. आचाऱ्यांना बोलावलं आणि आचार्यांना बोलावलं, यात एकीकडे स्वयंपाकी येतात आणि दुसरीकडे गुरुजी. युनिकोडमध्ये तो आडवा र लिहायला ऱ आणि हलन्त वापर. काही ठिकाणी साधा र, हलन्त आणि एक न दिसणारं जोडचिन्ह असंही लिहिलेलं सापडेल, ते दिसायला बरोबर असतं पण ते अदृश्य चिन्ह पुढच्या एखाद्या साफसफाईत गळून जातं आणि परत आचार्यच हजर. ॲ कडेही लक्ष दे, याला युनिकोडमध्ये स्वतंत्र जागा २००८ मध्ये मिळाली, त्याआधीचा मजकूर अ वर चंद्र देऊन लिहिलेला असतो. दोन्ही सारखेच दिसतात पण शोधायला गेलं की एक सापडतो आणि दुसरा नाही, सगळीकडे एकच ठेव.

अजून एक आठवलं, काही जुने फॉन्ट चित्रचिन्हांचे फॉन्ट म्हणून बसवलेले असायचे. तसं असेल तर मजकुरात साधी इंग्रजी अक्षरं न दिसता वेगळीच सिंबॉलची खूण किंवा एफ-शून्यने सुरू होणारे चार आकडी क्रमांक दिसतील. घाबरू नकोस, शेवटचे दोन आकडे म्हणजेच मूळ अक्षर, एवढं काढून घेतलं की पुढचं काम तेच. आणि फूटनोट्स, हेडर, फूटर यांच्या वेगळ्या एक्सएमएल फाईल असतात, नळांच्या टिपा त्यात असणार, त्या विसरू नकोस.

काका, नातीने केलेली पहिली दहा पानं छापून घ्या आणि तुम्ही लाल पेन घेऊन बसा. ज्या चुका सापडतील त्या तिने नकाशात दुरुस्त करायच्या, पानावर नाही, म्हणजे उरलेल्या दोनशे नव्वद पानांतूनही त्या जातील. मूळ डॉक फाईल मात्र दोन ठिकाणी जपून ठेवा, त्यांना कुणीही हात लावायचा नाही. आणि हे काम पूर्ण झालं की मला खरंच कळवा, ते नळ माझ्या आजीच्या वाड्यातल्या हौदाला येत होते, मला वाचायचंय.

मी पीएचडी करतोय, औंधला राहतो. प्रबंध लिबर ऑफिसमध्ये लिहिला, मराठी १४ पॉईंटमध्ये. गाईड सरांनी वर्डमध्ये उघडला तर मराठी लहान आणि वेगळ्याच फॉन्टमध्ये दिसली, इंग्रजी मात्र बरोबर होती. मी ठळक केलेले मराठी शब्दही साधे झाले. चूक माझी की फाईलची?

चूक कुणाचीच नाही रे, रचना अशी आहे हे कुणी सांगत नाही एवढंच. या दोन्ही फॉरमॅटमध्ये फॉन्टला एक नाव नसतं, निरनिराळ्या लिप्यांसाठी निरनिराळे कप्पे असतात. इंग्रजीसाठी एक, चिनी जपानीसाठी एक, आणि देवनागरी, अरबी वगैरेंसाठी एक, त्याला कॉम्प्लेक्स स्क्रिप्ट म्हणतात. फॉन्टच नाही, आकार आणि ठळकपणासुद्धा वेगळा साठवतात. डॉक्समध्ये इंग्रजीचा आकार एका खुणेत आणि देवनागरीचा दुसऱ्या, आणि हे आकडे अर्ध्या पॉईंटमध्ये असतात, म्हणजे १४ पॉईंटसाठी आत २८ लिहिलेलं दिसेल, ते बघून दचकू नकोस.

आता फाईल इकडून तिकडे जाताना इंग्रजीचा कप्पा भरलेला असला आणि देवनागरीचा रिकामा राहिला, तर वर्ड त्या जागी स्वतःचा ठरलेला फॉन्ट आणि ठरलेला आकार घेतो. तुला जे दिसलं ते हेच. लिबर ऑफिसमध्ये टूल्स, ऑप्शन्समध्ये भाषेच्या पानावर सीटीएल म्हणजे कॉम्प्लेक्स टेक्स्ट लेआउट चालू कर, भाषा मराठी निवड, मग फॉन्टच्या खिडकीत दोन वेगळे भाग दिसायला लागतील. स्टाईलमध्ये जाऊन सीटीएलच्या भागात फॉन्ट, आकार, ठळक सगळं भर, हाताने एकेका शब्दावर नको. आणि फॉन्ट असा घे जो सरांच्या संगणकावरही आहे, कारण डॉक्समध्ये फॉन्टचं नाव जातं, फॉन्ट सहसा जात नाही. मुद्दाम आत बसवायची सोय आहे पण विद्यापीठात शेवटी पीडीएफच द्यायची असेल तर त्या भानगडीत पडू नकोस.

आमच्या सोसायटीच्या (सिंहगड रोड) वार्षिक सभेचं इतिवृत्त डॉक्समध्ये होतं. पेन ड्राईव्ह घाईत काढला, आता फाईल खराब आहे म्हणतो आणि उघडत नाही. सभासदांना काय सांगू?

सेक्रेटरी साहेब, आधी त्या फाईलची कॉपी काढा आणि जे करायचं ते कॉपीवर करा. मग वर सांगितलं तसं नाव बदलून झिप करून बघा. झिपमध्ये आतल्या फाईलींची यादी अगदी शेवटी लिहिलेली असते, त्यामुळे कॉपी अर्धवट राहिली की यादीच जाते आणि वर्ड हात वर करतो, पण सामान बहुतेक वेळा तिथेच असतं. प्रत्येक आतल्या फाईलच्या डोक्यावर तिची स्वतःची चिठ्ठी असते, झिप दुरुस्त करणारे प्रोग्रॅम त्या चिठ्ठ्या वाचून यादी पुन्हा बनवतात. डॉक्युमेंट डॉट एक्सएमएल बाहेर आली तर ब्राउझरमध्ये टाका, खूण कुठे अर्धी राहिली ती ओळ आणि जागा तो सांगतो. शेवटचा तुकडा तुटला असेल तर तिथपर्यंतचा मजकूर साध्या एडिटरमध्ये उघडून काढून घ्या, ठराव वाचता येतील. सह्यांच्या कागदाचे फोटो फाईलमध्ये टाकले असतील तर ते मीडिया फोल्डरमध्ये सुटे मिळतील.

मी वकील आहे, शिवाजीनगरला. एका करारनाम्यात आम्ही कापलेली कलमं समोरच्या पक्षाला दिसली! आम्ही तर लिबर ऑफिसमधून वर्डमध्ये कन्व्हर्ट करून पाठवला होता, म्हणजे जुनं निघून जायला हवं होतं ना?

नाही मॅडम, उलट नीट कन्व्हर्ट झाला म्हणूनच दिसली. ट्रॅक चेंजेस, म्हणजे बदलांची नोंद ठेवायची सोय, चालू असताना खोडलेला मजकूर खोडला जात नाही, त्याला 'खोडलेला' अशी खूण लागते. डॉक्समध्ये तो तिथल्या तिथे, कुणी खोडला आणि कधी खोडला याच्यासकट राहतो. ओडीटीत तो उचलून मजकुराच्या सुरुवातीला एका यादीत ठेवतात आणि जागेवर फक्त खुणेचा खिळा असतो. कन्व्हर्टर इमानदारीने यादीतून काढून परत जागेवर ठेवतो. करारनामा पाठवण्याआधी सगळे बदल 'ॲक्सेप्ट' करा, कॉमेंट काढा, मग कन्व्हर्ट करा, हाच क्रम. फाईल बनवणाऱ्याचं आणि शेवटी हात लावणाऱ्याचं नावही आत वेगळ्या एक्सएमएलमध्ये असतं, अशिलाच्या जुन्या करारावरून नवा करार बनवायची सवय असेल तर तेही एकदा बघाच. पॅनडॉक नावाचं एक फुकट कन्व्हर्टर आहे, ते डॉक्स वाचताना बदल आपोआप मान्य झालेले धरतं, पण करारनाम्यासाठी ते वापरू नका म्हणेन, कारण ते दिसणं फारसं जपत नाही आणि तुमच्याकडे कलमांचे आकडे, समास, सगळं जिथल्या तिथे लागतं.

अप्पा बळवंत चौकाजवळ माझं डीटीपीचं दुकान आहे. एका प्रकाशकाने सहाशेच्या आसपास डॉक फाईल दिल्यात, सगळ्या ओडीटी करून हव्यात आणि त्यातल्या काहींची पुस्तकं इनडिझाईनमध्ये लावायची आहेत. एकेक उघडून करत बसलो तर महिना जाईल. आणि मुळात हे दोन फॉरमॅट का आहेत, एकच का नाही?

दादा, महिना नाही, एक रात्र. लिबर ऑफिसला खिडकी न उघडता काम करायला सांगता येतं, टर्मिनलमध्ये, म्हणजे आज्ञा टाइप करायच्या पडद्यावर, सॉफिस, मग हेडलेस, मग कन्व्हर्ट-टू आणि ओडीटी, आणि आउटडिर देऊन वेगळं फोल्डर. फक्त त्या आधी उघडं असलेलं लिबर ऑफिस पूर्ण बंद करा, नाहीतर कधीकधी काहीही न बोलता काहीच होत नाही आणि सकाळी रिकामं फोल्डर बघायला मिळतं. टर्मिनलची भीती वाटत असेल तर फाईल मेनूत विझार्ड्समध्ये डॉक्युमेंट कन्व्हर्टर आहे, तो अख्खं फोल्डर घेतो. झाल्यावर आधी फाईलींची संख्या जुळवा, मग आकाराने सगळ्यात लहान निघालेल्या वीस पंचवीस उघडून बघा, गडबड बहुतेक तिथे सापडते. जुन्या डॉकमध्ये जुने फॉन्ट असतील तर कोथरूडच्या काकांना लिहिलेलं वाचा, ओडीटी केल्याने सोंग उतरत नाही.

इनडिझाईनसाठी डॉक्स थेट प्लेस करा आणि तेव्हा इम्पोर्टचे पर्याय दाखवा वर टिक करा, तिथे वर्डमधली स्टाईल आणि तुमच्या पुस्तकातली स्टाईल जोडता येते. एकदा जोडणी करून प्रीसेट म्हणून सेव्ह केली की पुढच्या प्रत्येक प्रकरणाला तीच. प्रकरणं खूप असतील तर पॅनडॉक थेट आयसीएमएल लिहितं, ते इनडिझाईनच्या जोडीच्या इनकॉपीचं एक्सएमएल आहे, लिंक करून ठेवलं की मूळ बदललं तर पानावरही ताजं करता येतं. परिच्छेदाला वर्ल्ड रेडी कंपोझर, म्हणजे आपल्या लिप्या नीट जुळवणारी सोय, लावायला विसरू नका, नाहीतर जोडाक्षरं फुटतील आणि तुम्ही फॉन्टला दोष देत बसाल.

दोन फॉरमॅट का, तर ओपन डॉक्युमेंट, म्हणजे ओडीटी ज्यातली आहे ते, मे २००५ मध्ये ओएसिस या संस्थेने प्रमाण केलं आणि २००६ मध्ये ते आयएसओ या आंतरराष्ट्रीय प्रमाण संस्थेचं झालं. मायक्रोसॉफ्टने वर्ड २००७ बरोबर डॉक्स आणलं, डिसेंबर २००६ मध्ये एक्मा या संस्थेने ते मंजूर केलं आणि २००८ मध्ये आयएसओनेही, त्या मतदानात भारताचं मत विरोधात होतं. २०१० मध्ये आपल्या केंद्र सरकारने ई-गव्हर्नन्ससाठी खुल्या प्रमाणांचं धोरणही जाहीर केलं. त्या वादात कुणाचं बरोबर यावर माझं मत आहे, मला एका कामासाठी एकच प्रमाण असतं तर आवडलं असतं. पण दोन्ही एक्सएमएल आहेत, दोन्ही झिप उघडून वाचता येतात, आणि डॉकच्या काळात आपण बंद पेटीला हातोड्याने ठोकत होतो ते मी विसरलेले नाही. त्या सहाशे फाईलींच्या ओडीटी करून दिल्यावर प्रकाशकाला मूळ डॉकही परत द्या, आणि त्यांच्याकडे एक कागद द्या ज्यावर कुठल्या फाईलमध्ये कुठला जुना फॉन्ट होता ते लिहिलेलं असेल. हे काम कुणी सांगत नाही आणि त्याचे पैसेही बहुधा मिळत नाहीत, पण दहा वर्षांनी कुणीतरी ती फाईल उघडेल तेव्हा त्याला तो कागदच लागणार आहे.